ऑनलाइन सोडत काढून नफा कमवायचा: कायद्यात बसतं का?

खटपट्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज स्वतःचाच प्रश्न घेऊन आलोय.

माझ्याकडे एक उत्तम कॅमेरा पडून आहे. हौसेने घेतला, चारदा वापरला, हौस फिटली. विकायला काढला की समोरचा निम्म्याच्याही खालून सुरुवात करतो. परवा रात्री झोप येईना तेव्हा गणित मांडलं. कॅमेऱ्याची नवी किंमत १०० धरा, एकक कुठलंही घ्या. सरळ विकला तर पदरात फार तर ५०. त्याऐवजी १-१ ची २०० तिकिटं ऑनलाइन विकली, सोडत काढली, एकाला कॅमेरा दिला, तर माझ्याकडे २००. ज्याला लागला तो खूश, बाकीच्यांचा गेला तो १. जमलं तर पुढे महिन्याला एक वस्तू, असं छोटं संकेतस्थळच काढता येईल.

पैसे कमवायचे आहेत हे उघड सांगतो, समाजसेवेचा आव आणत नाही. फसवाफसवीही करायची नाही, सोडत सगळ्यांसमोर काढीन. एवढंच विचारायचंय की हे कायद्याने चालतं का? परवाना कुठे मिळतो? कोणी केलंय का?

तिरकसराव

२०० तिकिटं विकली जातील आणि कॅमेरा लागेल तुमच्या मेहुण्याला. लिहून ठेवा, मी आधीच सांगितलं होतं.

ढब्बू

कॅमेरा कोणता आहे?

कलमकसाई

वकिली करतो, पण हा सल्ला नाही, गप्पा समजा. फी लावली की सल्ला.

खटपट्या, तुमच्या बेतात बक्षीस आहे. ते कोणाला जाणार हे नशिबावर आहे. आणि त्या नशिबाच्या रांगेत उभं राहायला पैसे मोजावे लागतात. बक्षीस, नशीब, मोबदला हे तिघं एका खोलीत आले की ती लॉटरी. मग तुम्ही तिला सोडत म्हणा, लकी ड्रॉ म्हणा, रॅफल म्हणा, नाहीतर 'आनंदयोग' म्हणा. देशोदेशीच्या कायद्यांची भाषा वेगळी असते, सांगाडा बहुतेक हाच.

लॉटरी चालवायची कोणी, याचं उत्तरही बऱ्याच ठिकाणी एकाच छापाचं आहे. एक तर सरकारने किंवा त्याने नेमलेल्याने, नाहीतर सेवाभावी संस्थेने, तेही अटी पाळून. ब्रिटनमध्ये २००५ चा जुगारविषयक कायदा आहे, त्यात खासगी किंवा व्यापारी फायद्यासाठी लॉटरी काढताच येत नाही. संस्थेला येते, पण जमलेल्या पैशातले किमान २० टक्के सत्कार्याला गेले पाहिजेत. कॅलिफोर्नियात तर संस्थांच्या रॅफलमध्ये एकूण जमेच्या ९० टक्के सत्कार्याला द्यावे लागतात, आणि वर ती रॅफल इंटरनेटवरून चालवायलाही मनाई. भारतात १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने मुभा दिली आहे ती राज्य सरकारांना. परवानगी नसलेल्या लॉटरीची कचेरी चालवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. 'अमुक तिकिटावर अमुक देऊ' अशी नुसती जाहिरात केली तरी दंड आहे. पूर्वी दंड विधानात हेच २९४-अ म्हणून होतं.

तेव्हा परवाना कुठे मिळतो म्हणाल, तर 'स्वतःच्या खिशासाठी' हा रकाना यातल्या कुठल्याच अर्जावर नाही.

खटपट्या

बाप रे. पहिल्याच चेंडूला त्रिफळा.

मीनाक्षी_०७

मग ते 'घर जिंका, गाडी जिंका'वाले काय करतात? ब्रिटनमधल्याच कितीतरी कंपन्यांच्या जाहिराती माझ्या फोनवर दिवसरात्र नाचत असतात. ते सगळे सेवाभावी आहेत होय?

कलमकसाई

ताई, बरोबर नस पकडलीत. तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय काढला की ते स्टूल उरत नाही. ते लोक मोबदल्याचा पाय काढतात, किंवा काढल्याचं दाखवतात. पैसे भरून भाग घ्या, नाहीतर साधं पत्र पाठवून फुकट भाग घ्या. ब्रिटिश कायद्यात नेहमीच्या दराच्या टपालाचा खर्च हा 'पैसे देणं' धरत नाहीत. मात्र फुकटच्या रस्त्याची माहिती ठळक दिली पाहिजे, आणि फुकटवाल्याला व पैसेवाल्याला जिंकण्याची संधी सारखीच पाहिजे. एवढं पाळलं की ती लॉटरी राहत नाही, 'मोफत सोडत' होते आणि परवान्याची भानगडच येत नाही.

अमेरिकेत स्पर्धांच्या जाहिरातींखाली बारीक अक्षरात 'खरेदीची गरज नाही' असं असतं, ते याच पोटी. तिथे १९५४ मध्ये गंमतीचा खटला झाला. रेडिओ-टीव्हीच्या बक्षीस कार्यक्रमांवर नियामकांचं म्हणणं असं की, घरी बसून कार्यक्रम ऐकणं हाच श्रोत्याने दिलेला मोबदला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, छे, नुसतं ऐकण्याला मोबदला म्हणत नाहीत.

खटपट्या

पण मग सगळे पत्रच पाठवतील ना! २०० पत्रं आली तर माझा कॅमेरा गेला आणि हाती आली रद्दी.

सोमवारचा_आळस

अहो, माणसाचा आळस विचारात घ्या. तीच तर त्यांच्या धंद्याची मेख. पत्र लिहायचं म्हणजे कागद शोधा, पेन शोधा, ते चालेना म्हणून दुसरं शोधा, तिकीट आणा, पेटीपर्यंत चाला. फोनवर अंगठा टेकवला की काम झालं. मी स्वतः एकदा ठरवून फुकट प्रवेशासाठी पत्र लिहिलं होतं. अजून ते माझ्या पिशवीत आहे. सोडत होऊन वर्ष झालं.

तिरकसराव

आळशीपणावर उभा असलेला एकमेव प्रामाणिक उद्योग.

ढब्बू

लेन्स सोबत आहे का?

निवांत_वाचक

एक साधा तोडगा. तिकीट विकूच नका. १ ला एक पेन विका आणि पेनासोबत सोडतीचं कुपन 'भेट' द्या. लोकांनी पैसे पेनाचे दिले, कुपनाचे नाहीत. झालं की.

कलमकसाई

झालं नाही. ही युक्ती लॉटरीइतकीच जुनी आहे. न्यायाधीश विचारतो की हे पेन बाजारात किती केविलवाण्या किमतीला मिळतं आणि लोक खरोखर पेनासाठी आले होते का. नाव काय दिलंय याला किंमत नाही, व्यवहाराचा पोटातला अर्थ बघतात. 'तिकीट नाही, देणगी' ही तिचीच धाकटी बहीण. देणगी दिल्याशिवाय सोडतीत नाव येत नसेल तर ती देणगी नव्हेच.

शिवाय भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार पद्धतींची यादी आहे. वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करायचा आणि तिची किंमत व्यवहाराच्या रकमेतच वसूल करायची, हे त्यात आहे. विक्री वाढवायला काढलेली लॉटरी आणि नशिबाची स्पर्धाही आहे. योजना संपल्यावर निकाल सहभागी लोकांना न कळवणंसुद्धा आहे. आपल्याकडे 'भाग्यवान विजेते' जाहीर न होताच किती योजना विरून जातात, ते आठवून बघा.

गणिती_गोम

मोबदला काढायचा नसेल तर नशीब काढा की. एक प्रश्न विचारायचा, बरोबर उत्तर देणाऱ्यांमधून सोडत. कौशल्याची स्पर्धा झाली.

कॅनडात यावरून मोठी मजा आहे. तिथल्या फौजदारी संहितेचं कलम २०६ निव्वळ नशिबाच्या सोडतीला आडवं येतं. म्हणून आधी नाव काढतात, आणि बक्षीस हातात देण्याआधी विजेत्याला एक गणित घालतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सगळं एकाच ओळीत. ते सोडवलं की बक्षीस नशिबाने मिळालं नाही, कौशल्याने मिळालं! माझ्या मावसबहिणीला तिथे एका स्पर्धेत प्रवासाची बॅग लागली. फोनवर गणित घातलं, ती घाबरून नवऱ्याला हाका मारायला लागली, आणि पलीकडची बाई म्हणाली, 'बाईसाहेब, घाई नाही, सावकाश.' आधी भागाकार करायचा की बेरीज यावर घरात वाद झाला. बॅग मिळाली, वाद अजून चालू आहे.

कलमकसाई

किस्सा झकास, पण खटपट्यांनी त्यावर विसंबू नये. कॅनडातही गणित घातलं की पैसे घ्यायला मोकळे, असं नाही. मोठ्या कंपन्या तिथेही फुकट प्रवेशाची सोय ठेवतात. आणि ब्रिटनमध्ये 'सूर्य कुठे उगवतो? पूर्व, पश्चिम की माडीवर?' छापाचा प्रश्न चालत नाही. बऱ्याच लोकांना बक्षीस मिळू नये किंवा बऱ्याच जणांनी भागच घेऊ नये, इतपत अवघड प्रश्न असायला हवा. सगळ्यांनाच येणारा प्रश्न म्हणजे लॉटरीच.

रमीवाले_आबा

भारतात तर कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच चमारबागवाला खटल्यात सांगून टाकलंय. १९५५ चा बक्षीस स्पर्धांचा कायदा कौशल्याच्या स्पर्धांना लावायचा नाही असा तो निकाल. तेव्हा अवघड प्रश्न घाला, बिनधास्त पैसे घ्या.

कलमकसाई

आबा, निकाल बरोबर सांगितलात, पण मधल्या काळात पाणी वाहून गेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा नवा केंद्रीय कायदा झाला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, ही मोजदादच त्याने बाजूला सारली. पैसे भरून, काही जिंकायच्या आशेने ऑनलाइन खेळलं की तो 'पैशांचा खेळ' आणि त्यावर बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांची देवाणघेवाण करून देणारेही सुटत नाहीत. ऑनलाइन सोडत यात ओढली जाणार नाही असं मी कुठल्याही अशिलाला सांगणार नाही.

रमीवाले_आबा

म्हणजे माझ्या आयडीचं नावही बदलावं लागणार म्हणा.

तिरकसराव

पत्ते वाटून घ्या आधी.

शुभदा_क

मी केलंय. नफ्यासाठी नाही, पण ऑनलाइन सोडत केली आहे, आणि पुन्हा करणार नाही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या पाच-सहा जणींच्या गटाला मुलांसाठी पुस्तकं घ्यायची होती. एकीने स्वतः विणलेली मोठी रजई बक्षीस म्हणून दिली. एक फॉर्म केला, पैसे भरायचा दुवा लावला, सगळीकडे पाठवला. ३१२ नावं आली. आम्ही हुरळलो. परवानगी घ्यावी लागते हे आमच्या गावीही नव्हतं. चांगल्या कामाला कोण अडवणार, अशी समजूत.

आठवडाभराने पैसे घेणाऱ्या कंपनीचं पत्र: आपल्या खात्यावरचे व्यवहार आमच्या धोरणात न बसणाऱ्या प्रकारातले वाटतात, रक्कम तूर्त रोखून ठेवली आहे, खुलासा करा. फॉर्मच्या माथ्यावर आम्हीच हौसेने मोठ्या अक्षरात 'लकी ड्रॉ' लिहिलं होतं. खुलासा तरी काय करणार? त्यात दीड महिना गेला. दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारायचं, 'काय गं, रजई लागली का कोणाला?'

सोडत काढली व्हिडिओ कॉलवर. माझा लॅपटॉप, सगळी नावं स्प्रेडशीटमध्ये, सूत्राने आकडा काढायचा. आकडा आला, त्या ओळीवर नाव कोणाचं? माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. कॉलवर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. (तिरकसराव, तुमचं वाक्य वाचून म्हणूनच अंगावर काटा आला.)

खरी गंमत पुढे. दोन दिवसांनी मी हिशोब जुळवायला बसले तर नावं २७१ च. पैसे ३१२ जणांचे. आदल्या रात्री वेळेत पैसे भरलेल्यांची यादी बघायला मी चाळणी (फिल्टर) लावली होती, ती काढायला विसरले आणि उरलेली नावंच नव्या पानावर चिकटवली. ४१ माणसं सोडतीत नव्हतीच! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सगळ्यांना कळवलं, सोडत पुन्हा काढली, रजई दुसरीला गेली. जाऊबाईंनी तोवर रजईचा फोटो नातेवाइकांत फिरवला होता. त्या तीन महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

कोणी तक्रार केली नाही म्हणून निभावलं. पण त्या ४१ पैकी एकाने जरी पोलिसांत जायचं म्हटलं असतं तर मी काय सांगितलं असतं? चाळणी राहिली?

मीनाक्षी_०७

शुभदा, एवढं सगळं लिहिलंस म्हणून कौतुक. लोक असलं दडपून टाकतात.

सोमवारचा_आळस

'चाळणी राहिली' हे माझ्या पुढच्या सगळ्या चुकांचं अधिकृत कारण. हसून हसून पुरेवाट.

बायनरी_बंडू

सोडत 'सगळ्यांसमोर' काढीन असं खटपट्या म्हणाले, त्यावर थोडं. पडद्यावर आकडा फिरताना दिसला म्हणजे तो खरा, असं नसतं. संगणकाचा 'यादृच्छिक' आकडा म्हणजे एका सूत्राचं उत्तर. सूत्रात सुरुवातीला काय घातलं हे ज्याला ठाऊक, त्याला उत्तरही ठाऊक.

अमेरिकेतलं हॉट लोट्टो प्रकरण वाचा. अनेक राज्यांच्या लॉटऱ्या मिळून चालवणारी संघटना, आणि तिचा माहिती-सुरक्षा प्रमुखच चोर! त्याने आकडे काढणाऱ्या प्रणालीत असा तुकडा घुसवला की वर्षातल्या ठराविक ३ तारखांना, सोडतीचा वार जुळला की, येणारे आकडे त्याला आधीच अंदाजता यायचे. डिसेंबर २०१० चं बक्षीस १ कोटी ६५ लाख डॉलरचं. तिकीट त्याने स्वतः एका दुकानात घेतलं आणि तिथल्या कॅमेऱ्यात सापडला. चेहरा टोपीखाली होता, पण चित्रफीत जाहीर झाल्यावर सहकाऱ्यांनी आवाज ओळखला. बक्षिसावर दावा करायला एक वर्षाची मुदत होती. ती संपायला काही तास उरले असताना परदेशातल्या एका न्यासामार्फत दावा केला, नाव सांगायला नकार दिला, आणि तिथेच संशय आला. पैसे कधी मिळालेच नाहीत. २०१५ मध्ये दोषी ठरला.

एवढी तपासणी असलेल्या ठिकाणी हे होतं, तर तुमच्या लॅपटॉपवर लोकांनी का विश्वास ठेवावा? करायचंच असेल तर सोडतीआधी नावांची क्रमवार यादी जाहीर करा, म्हणजे शुभदाताईंसारखी चाळणी आधीच कोणीतरी पकडेल. आणि आकडा तुमच्या हाताबाहेरच्या ठिकाणाहून घ्या, जो सगळ्यांना नंतर पडताळता येईल.

खटपट्या

बंडू, हे बाकी पटलं. पण कायद्याचंच घोडं पेंड खातंय. समजा संकेतस्थळ दुसऱ्याच देशात नोंदवलं, जिथे हे चालतं, तर? सर्व्हर तिकडे, मी इकडे.

रमीवाले_आबा

मीही हेच सुचवणार होतो.

इतिहासजमा

या युक्तीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या लुइझियानात १८६८ मध्ये एका खासगी कंपनीला लॉटरीची सनद मिळाली. निव्वळ नफ्यासाठी, अगदी खटपट्यांसारखी, फक्त कॅमेऱ्याऐवजी अवाढव्य रकमा. तिकिटं देशभर टपालाने जायची. लाचखोरीची इतकी बोंब झाली की लोक तिला 'सोनेरी ऑक्टोपस' म्हणायला लागले. १८९० मध्ये संसदेने लॉटरीच्या टपालावरच बंदी आणली. तेव्हा कंपनीने काय केलं असेल? बिऱ्हाड हलवलं होंडुरासला! म्हणजे सर्व्हर तिकडे, गिऱ्हाईक इकडे. मग १८९५ च्या कायद्याने तिकिटं बाहेरून आत आणणं आणि एका राज्यातून दुसऱ्यात नेणंही गुन्हा ठरला. तो घटनेत बसतो का, हे १९०३ च्या खटल्यात ठरलं. तिथे तर पॅराग्वेच्या लॉटरीची तिकिटं टेक्सासमधून कॅलिफोर्नियाला चालली होती. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, बसतो.

तेव्हा टपाल होतं, आता दुवा आहे.

कलमकसाई

इतिहासजमा यांना साष्टांग. माझं अर्धं काम केलंत. आजही प्रश्न असा येतो की तिकीट घेणारा कुठे बसलाय? अमेरिकेतच पाहा, राज्यागणिक नियम वेगळे. युटा आणि हवाईमध्ये तर सरकारी लॉटरीसुद्धा नाही. तुमच्या फॉर्मला मात्र सीमा कळत नाहीत. २०० तिकिटं सात ठिकाणच्या लोकांनी घेतली तर सात कायदे तुमच्या दारात. मोठ्या कंपन्यांच्या नियमावलीत 'अमुक राज्याच्या रहिवाशांना भाग घेता येणार नाही' अशा ओळी त्यासाठीच असतात.

बायनरी_बंडू

कायदा उशिरा येतो, पैशाची नळी आधी बंद होते. कार्डावरच्या प्रत्येक व्यापाऱ्याला धंद्याचा चार आकडी संकेतांक असतो. जुगार आणि लॉटरीच्या तिकिटांचा ७९९५. तो खरा सांगितला तर बहुतेक ठिकाणी परवाना मागतात. 'छायाचित्रणाचं साहित्य' म्हणून दुसरा लावला आणि कळलं, तर खातं बंद आणि पैसे अडकले. शुभदाताईंचं निदान प्रामाणिकपणे अडकलं.

ॲप काढायचं म्हणाल तर ॲपलच्या नियमांत खऱ्या पैशांच्या लॉटरीला त्या-त्या ठिकाणचा परवाना आणावा लागतो. फेसबुकवर सोडत जाहीर केली तर तिच्याशी फेसबुकचा संबंध नाही असं लिहावं लागतं, आणि 'तुमच्या भिंतीवर शेअर करा आणि जिंका' ही अट घालता येत नाही. रोज हजारो लोक घालतात, ते सोडा.

स्वतंत्र_बाणा

मला हा सगळा ढोंगीपणा वाटतो. सरकार स्वतः लॉटरी चालवतं. केरळची सरकारी लॉटरी १९६७ पासून आहे. अमेरिकेतली राज्यं १९६४ पासून एकामागून एक उतरली, न्यू हॅम्पशायर पहिलं. ब्रिटनने १८२६ मध्ये सरकारी लॉटरी बंद केली आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय लॉटरी म्हणून परत आणली. मग जुगार वाईट, पण सरकारने केला की महसूल? सज्ञान माणसाने सज्ञान माणसाला १ चं तिकीट विकलं तर कोणाच्या पोटात का दुखावं?

मीनाक्षी_०७

पोटात दुखतं ते १ च्या तिकिटाने नाही. खटपट्यांचंच गणित बघा ना. १०० ची वस्तू आणि गोळा २००. म्हणजे १ देणाऱ्याच्या हाती सरासरी अर्धाच परत. मटक्यावाला कदाचित याहून बरा भाव देत असेल. आणि एखादा १ चं तिकीट घेऊन थांबत नाही, तो ३० घेतो. माझे एक नातेवाईक दर आठवड्याला 'या वेळी जवळून हुकला' म्हणत पंधरा वर्षं काढून बसले. सरकारी लॉटरीतही हेच होतं, मान्य. पण तिथे निदान कोणालातरी जाब विचारता येतो. संकेतस्थळवाला रातोरात पान बंद करून गेला तर?

स्वतंत्र_बाणा

जाब विचारता येतो! ताई, तुमच्या आशावादाला सलाम. पण सरासरीचा मुद्दा मानला. खटपट्यांनी ११० तिकिटं काढली असती तर मी त्यांच्या बाजूने भांडलो असतो.

तिरकसराव

११० तिकिटांत १०० चा कॅमेरा, वर दीड महिना पत्रव्यवहार, एक वकील, एक जाऊबाई. निम्म्या किमतीत विकणं परवडलं.

नवीन_पाखरू

मी आत्ताच धागा वाचला. लॉटरी कायदेशीर आहे की नाही, कोणी एका ओळीत सांगेल का?

सोमवारचा_आळस

चाळणी राहिली.

अर्धवटराव

अवांतर: लागलेल्या बक्षिसावर कर किती?

कलमकसाई

भारतात लॉटरी वगैरेंच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के, वर अधिभार आणि उपकर. वस्तू लागली तरी सुटका नाही, ती देण्याआधी कर भरला गेला की नाही हे बक्षीस देणाऱ्याने बघायचं असतं. म्हणजे खटपट्या, विजेत्याकडून आधी कर गोळा करा, मग कॅमेरा द्या. ब्रिटनमध्ये जिंकणाऱ्याला त्या रकमेवर आयकर नाही. अमेरिकेत ते उत्पन्नच धरतात.

अर्धवटराव

म्हणजे १ मध्ये कॅमेरा लागला म्हणून नाचायचं, आणि मग करासाठी कॅमेरा विकायचा.

ढब्बू

म्हणूनच म्हणतोय, कॅमेरा कोणता आहे?

निवांत_वाचक

माझी पेनाची कल्पना मोडीत निघाली हे मान्य. पण नफ्याचा कायदेशीर रस्ता काहीच नाही असं कसं? दुकानं 'खरेदीवर सोडत' करतातच ना?

कलमकसाई

करतात, आणि त्यांचा नफा असतो मालात. सोडत ही जाहिरात, तिचा खर्च जाहिरातीच्या खात्यात. तिथेही बंधनं आहेतच. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात बक्षिसांची एकूण किंमत ५,००० डॉलरच्या वर गेली की आधी नोंदणी करा, बक्षिसाच्या रकमेची हमी ठेवा. म्हणजे ज्याच्याकडे विकायला दुसरं काही आहे त्याला मोफत सोडत परवडते. ज्याच्याकडे विकायला फक्त 'संधी' आहे, त्याच्यासमोर दार बंद. खटपट्यांचा माल म्हणजे ती संधीच होती.

दुसरा रस्ता खऱ्या कौशल्याचा. छायाचित्र स्पर्धा घ्या, परीक्षक नेमा, निकष आधी छापा, सगळ्यात चांगल्या फोटोला कॅमेरा. कित्येक देशांत प्रवेश शुल्क घेऊनही हे चालतं. पण २०० फोटो बघायचे, परीक्षकांचं मानधन, हरलेल्यांची भांडणं... भारतात तर नव्या कायद्यानंतर ऑनलाइन शुल्क घेण्याआधी माझ्यासारख्याला खरोखरची फी द्या.

गणिती_गोम

आणि ज्याच्याकडे कॅमेरा नाही, तो छायाचित्र स्पर्धेत उतरणार कसा?

खटपट्या

मंडळी, चार दिवस कामात होतो, आज सगळं सलग वाचलं. मनापासून आभार. कलमकसाई, तुमच्याकडून फुकटात एवढं उकळलं की तुमचा मोबदल्याचा पाय तुटला असेल.

खरं सांगायचं तर धागा काढताना मला वाटलं होतं की अडचण झाली तर 'फसवणूक' या शब्दावर होईल, आणि मी तर फसवणार नव्हतो. ती अडचणच नव्हती. पूर्ण प्रामाणिकपणे सोडत काढली असती तरी मी लॉटरीवालाच. शुभदाताईंची ४१ माणसं वाचल्यावर तर प्रामाणिकपणाचीही खात्री राहिली नाही. माझी स्प्रेडशीट त्यांच्यापेक्षा वाईट असते.

संकेतस्थळाचं नाव घेऊन ठेवलं होतं, ते सोडून दिलं. मोफत सोडतीचा विचार अर्धा तास केला. मग लक्षात आलं की सोमवारचा_आळस यांच्यासारखे लोक मिळाले तर ठीक, पण माझ्या ओळखीतले सगळे फुकट म्हटल्यावर कुरिअर करतील.

कॅमेरा सरळ विकतोय. ढब्बू, व्यक्तिगत निरोप बघा. मॉडेल, लेन्स, फोटो, सगळं पाठवलंय.

ढब्बू

बघितला. लेन्सवर बारीक चरा आहे का कडेला? निम्म्याच्या थोडं खाली जमत असेल तर सांगा.